नॉर्थलँडचा निर्माता : व्हिक्टर ग्रूएन

मॉल हा शब्द आता आबालवृद्धांच्या तोंडी इतका रुळला आहे की, तो परका आहे याचे भानही कोणास राहिलेले नाही. परंतु या शब्दाची कुळकथा मोठी गमतीची आहे. सतराव्या शतकात इंग्लंडच्या राजदरबारी मंडळींत लाकडी चेंडू हातोड्याने टोलविण्याचा एक खेळ फार लोकप्रिय होता; त्यास पाल-माल म्हणत. लंडनमध्ये या खेळासाठी जी लांबट, सरळ, वृक्षांनी वेढलेली पट्टी राखली होती, तिलाही लोक मॉल म्हणू लागले. पुढे खेळ मागे पडला. झाडांच्या छायेतून निवांतपणे पायी हिंडण्याची जागा, एवढाच त्या शब्दाचा अर्थ उरला. म्हणजे मुळात मॉलवर आकाश होते, झाडे होती, माणसे होती. खरेदी-विक्रीचा तेथे संबंधच नव्हता. चारी बाजूंनी बंद, खिडक्या नसलेली, आतून झगमगणारी इमारत असा त्याचा अर्थ कसा झाला, हे ज्याच्या चरित्रावरून उमगते, त्या व्हिक्टर ग्रूएनची ओळख आम्ही येथे करून देणार आहोत. अमेरिकेतील व्यापारी आणि नगररचनाकार यांच्या तोंडी एके काळी त्याचे नाव सतत असे. आमच्याकडे मात्र त्याच्या कल्पनेचे अपत्य सर्वांना ठाऊक, आणि तो स्वतः फारसा कोणास ठाऊक नाही.

ग्रूएनचा जन्म १८ जुलै १९०३ रोजी ऑस्ट्रियाची राजधानी व्हिएन्ना येथे एका ज्यू कुटुंबात झाला. त्याचे मूळ नाव व्हिक्टर डेव्हिड ग्र्यूनबाउम. वडील वकील होते, आणि नाटक-व्यवसायातील मंडळींचा त्यांच्याकडे राबता असे. त्यामुळे रंगभूमीची गोडी मुलाला घरातच लागली. त्या वेळचे व्हिएन्ना म्हणजे एका मोठ्या साम्राज्याचे सिंहासन. शहराच्या मध्यभागी जुन्या अरुंद गल्ल्या, खाली दुकाने आणि वर बिऱ्हाडे, कोपऱ्याकोपऱ्यावर कॉफीगृहे. एका पेल्यावर माणसाने तासन् तास बसावे, वर्तमानपत्रे वाचावी, वाद घालावे, आणि कोणी त्यास ऊठ म्हणू नये. या गल्ल्यांतून पायी हिंडत तो लहानाचा मोठा झाला. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. कारण पुढे सातासमुद्रापलीकडे त्याने जे जे उभारले, त्यात तो हेच व्हिएन्ना शोधीत होता.

१९१८ साली पहिले महायुद्ध संपले, साम्राज्य कोसळले, आणि त्याच वर्षी वडीलही वारले. मुलाने बांधकामाच्या शाळेत शिक्षण घेतले, ललितकला अकादमीत पेटर बेरेन्स या नामांकित वास्तुविशारदाच्या हाताखाली काही काळ काढला, आणि मग एका बांधकाम-कचेरीत वर्षानुवर्षे नोकरी केली. दिवसा नकाशे आणि रात्री नाटक, असा त्याचा क्रम असे. व्हिएन्नाची नगरपालिका १९१९ ते १९३४ पर्यंत समाजवाद्यांच्या हाती होती. तिने या अवधीत कामगारांसाठी साठ हजारांवर घरे बांधली. ग्रूएन त्याच विचाराचा होता. राजकीय विडंबनाचे छोटे छोटे प्रवेश लिहिणारी आणि करणारी एक तरुण मंडळी होती, तिच्यात तो लिहीत असे आणि भूमिकाही करीत असे. पुढे स्वतंत्र व्यवसाय सुरू केल्यावर त्याच्याकडे आलेली कामे मात्र लहान होती : एखाद्या अत्तराच्या दुकानाचा दर्शनी भाग, एखाद्या कापडाच्या दुकानाची मांडणी. परंतु चालत्या माणसाचा पाय कोठे अडखळतो, त्याची नजर कशावर ठरते, आणि तो उंबरा ओलांडून आत केव्हा येतो, याचा धडा त्याला या लहान कामांनीच दिला.

मार्च १९३८ मध्ये हिटलरने ऑस्ट्रिया गिळंकृत केला. ज्यू आणि त्यातून समाजवादी विडंबनकार, अशा माणसाला व्हिएन्नात राहणे म्हणजे मृत्यूला आमंत्रण देणे होते. एका मित्राने नाझी सैनिकाचा गणवेश चढवून त्याला आणि त्याच्या पत्नीला मोटारीने विमानतळावर पोचविले, असे सांगतात. नाटकातील वेषांतर असे प्राणावर बेतले असता कामी आले! त्याच वर्षी तो न्यूयॉर्कला उतरला, तेव्हा त्याच्याजवळ आठ डॉलर आणि नकाशे काढण्याची टी-पट्टी एवढेच होते, आणि इंग्रजी जवळजवळ येतच नव्हते. अमेरिकेत आल्यावर त्याने आपले आडनाव आखडले. जर्मन भाषेत ग्र्यूनबाउम म्हणजे हिरवे झाड. नव्या नावात झाड गेले आणि नुसते हिरवे राहिले.

निर्वासित कलावंतांना जमवून त्याने न्यूयॉर्कच्या रंगभूमीवर एक खेळ उभा केला, जागतिक प्रदर्शनाच्या कामावर नकाशे काढले, आणि १९३९ मध्ये पाचव्या रस्त्यावर लेडरर नावाच्या एका व्हिएन्नावासी व्यापाऱ्याचे चामडी वस्तूंचे दुकान सजविले. या दुकानाने त्याचा भाग्योदय झाला. इतर दुकाने रस्त्याच्या कडेला काच लावून उभी असत. ग्रूएनने दर्शनी भाग आत ओढून तेथे एक लहानशी ओसरी निर्माण केली आणि काचेची कपाटे तीत मांडली. वाटसरू गर्दीतून बाजूला होऊन त्या ओसरीत शिरत, आणि एकदा तेथे आले म्हणजे अर्धे दुकानातच आलेले असत. पुढे एल्सी क्रुमेक या रचनाकार स्त्रीबरोबर भागीदारी करून, आणि नंतर तिच्याशीच विवाह करून, तो १९४१ मध्ये लॉस एंजेलिसला गेला. कपड्यांच्या एका साखळी-व्यवसायाची कित्येक दुकाने या दांपत्याने गावोगाव उभारली. १९४३ साली एका वास्तुविषयक मासिकाने युद्धानंतरचे आदर्श गाव कल्पावे असे रचनाकारांस आवाहन केले, तेव्हा या दोघांनी दुकानांचा असा एक समूह सुचविला की, ज्याच्या मधोमध रहदारीपासून अलिप्त बाग असेल, आणि वाचनालय, टपालघर यांसारख्या सोयीही तेथेच असतील. त्या वेळी ती कल्पना कागदावरच राहिली.

येथे युद्धोत्तर अमेरिकेची स्थिती थोडी सांगितली पाहिजे. लक्षावधी सैनिक घरी परतले, त्यांनी संसार थाटले, आणि घरांची प्रचंड टंचाई निर्माण झाली. शहराबाहेरच्या शेतजमिनींवर एकाच साच्याची हजारो घरे उभी राहू लागली. न्यूयॉर्कजवळचे १९४७ मध्ये सुरू झालेले लेव्हिटटाउन हे त्याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण. सरकार कर्जांना हमी देत असे. मात्र ही हमी कृष्णवर्णीयांच्या वस्त्यांना सहसा मिळत नसे, आणि लेव्हिटटाउनच्या करारांत तर कृष्णवर्णीय कुटुंबांना मज्जाव असल्याचे कलमच होते. अशा रीतीने गोरा मध्यमवर्ग मोटारीत बसून उपनगरांत गेला आणि मागे शहरात राहिले ते बहुधा ज्यांना जाता येत नव्हते ते. उपनगरांत घर होते, हिरवळ होती, मोटार होती. परंतु चार माणसे सहज भेटावीत अशी एकही जागा नव्हती. दुकाने महामार्गाच्या दुतर्फा मैलोगणती पसरलेली, प्रत्येकाची पाटी शेजाऱ्यापेक्षा मोठी. ग्रूएनला हे दृश्य अत्यंत किळसवाणे वाटे. कॉफीगृहांच्या शहरात वाढलेल्या माणसाला ते तसे वाटावे यात नवल नाही.

१९४८ साली तो विमानाने प्रवास करीत असता वादळामुळे डेट्रॉइटला अडकून पडला. मोटारींची ही राजधानी तेव्हा ऐन वैभवात होती. १९५० च्या शिरगणतीत तिची लोकसंख्या साडेअठरा लाख भरली. शहराच्या मध्यभागी हडसन कंपनीचे अवाढव्य दुकान होते. घरी लागणारी कोणतीही वस्तू तेथे मिळे, आणि डेट्रॉइटच्या कित्येक पिढ्यांना दिवाळीच्या बाजाराचा असतो तसा हडसनमधील नाताळच्या खरेदीचा सोहळा वाटे. ग्रूएनने हे दुकान पाहिले, मग मोटार घेऊन उपनगरे पालथी घातली, आणि त्याच्या ध्यानात आले की, हडसनचे गिऱ्हाईक दररोज थोडे थोडे दूर जात आहे. हडसनचे चालक उपनगरात शाखा काढण्याच्या विरुद्ध होते. कंपनीचा प्रमुख ऑस्कर वेबर याला गाठून ग्रूएनने आपले म्हणणे त्याच्या गळी उतरविले. शाखा काढू नका, गावच वसवा, असा त्याच्या सांगण्याचा सारांश होता. शहराभोवती चार दिशांना चार केंद्रे उभारावीत अशी योजना ठरली. कोरियाच्या युद्धामुळे पोलाद मिळेनासे झाले आणि काम रखडले. अखेर त्यांतील पहिले, नॉर्थलँड, २२ मार्च १९५४ रोजी उघडले.

नॉर्थलँडचे वर्णन आम्ही जरा विस्ताराने करणार आहोत. कारण आमच्या मते ग्रूएनच्या सर्व कृतींत हीच सर्वांत सरस होय. मधोमध हडसनची चार मजली इमारत, आणि तिच्याभोवती सभोवार बुटक्या इमारतींतून शंभराच्या आसपास दुकाने. इमारतींच्या मधल्या जागा उघड्या आकाशाखाली मोकळ्या सोडलेल्या. कोठे अरुंद बोळ, कोठे एकदम विस्तीर्ण चौक, कोठे पायऱ्या उतरून गेलेले अंगण. कोणतेही दोन चौक एकसारखे नाहीत. त्यांत झाडे, फुलांचे ताटवे, कारंजी, बाके, आणि नामांकित शिल्पकारांकडून मुद्दाम करवून घेतलेली शिल्पे. मार्शल फ्रेडरिक्स याने घडविलेले, अस्वलाच्या पाठीवर बसलेल्या मुलाचे शिल्प तर मुलांचे फार आवडते झाले. दुकानांपुढून छपराचे सज्जे नेले होते, म्हणजे पाऊस अथवा ऊन असता त्यांच्या आश्रयाने चालता यावे. मोटारी सर्व बाहेर. सात हजारांहून अधिक मोटारी उभ्या राहतील एवढे मोटारतळ भोवती पसरलेले. माल घेऊन येणारे ट्रक जमिनीखालच्या भुयारी रस्त्याने येत आणि कोणाच्या दृष्टीस न पडता परत जात. बँक, टपालघर आणि सभागृहही तेथे होते. पाटी किती मोठी असावी, अक्षरे कशी असावीत, यावरही ग्रूएनचा कडक निर्बंध असे, आणि दुकानदारांनी त्याबद्दल कितीही कुरकुर केली तरी तो बधला नाही.

या रचनेत व्यापाराचे गणितही पुरेपूर होते, हे विसरता कामा नये. हडसनसाठी लोक येणार हे ठरलेलेच होते. म्हणून हडसन मधोमध ठेवले, की तेथवर पोचण्यासाठी प्रत्येकाला इतर दुकानांपुढून जावेच लागावे. लहान दुकानदार अशा जागेसाठी आनंदाने भाडे देत, आणि जमिनीचे मालक म्हणून ते भाडे हडसनच्याच पदरात पडे. परंतु लोक आले ते केवळ खरेदीला नव्हे. बायामाणसे मुलांना घेऊन येत, म्हातारे बाकावर बसत, सभागृहात सभा भरत. पहिल्याच वर्षी विक्री अंदाजापलीकडे गेली. देशभरातील वृत्तपत्रांनी ग्रूएनला डोक्यावर घेतले.

या जातीचे मोकळे बाजार त्या दशकात इतरांनीही बांधले. कॅन्सस सिटीत जे. सी. निकल्स याने १९२० च्या दशकातच मोटारीने येणाऱ्या गिऱ्हाइकांसाठी कंट्री क्लब प्लाझा ही पेठ वसविली होती. १९५० मध्ये सिअ‍ॅटलजवळ नॉर्थगेट, १९५१ मध्ये बॉस्टनजवळ शॉपर्स वर्ल्ड, १९५६ मध्ये शिकागोजवळ ओल्ड ऑर्चर्ड, अशी ही मालिका आहे. ग्रूएनने स्वतः १९५७ मध्ये डेट्रॉइटचे ईस्टलँड उभारले, तेही उघड्या आकाशाखालीच. पण तोपर्यंत त्याच्याच हातून असे एक काम झाले होते की, ज्याने या सर्वांचे आयुष्य आखडले.

मिनिॲपोलिस हे शहर उत्तरेकडे आहे. तेथला हिवाळा हाडे गोठविणारा आणि उन्हाळा घामाघूम करणारा. वर्षातून जेमतेम एकशे सव्वीस दिवस बाहेर हिंडण्याजोगे, असा हिशेब करण्यात आला होता. तेथील डेटन या व्यापारी घराण्याने एडिना या उपनगरात बाजार उभारण्यास ग्रूएनला बोलाविले. त्याने सगळ्या बाजारावर एकच छप्पर घातले. ८ ऑक्टोबर १९५६ रोजी साउथडेल उघडले. आत बारमाही वसंतऋतू. मधल्या उंच चौकात झाडे, पिंजऱ्यात पाखरे, मत्स्यकुंड आणि कॉफीची टेबले. बहात्तर दुकाने दोन मजल्यांवर. आणि एकमेकांचे प्रतिस्पर्धी असलेले दोन मोठे व्यापारी एकाच इमारतीत शेजारी शेजारी. लोकांची झुंबड उडाली. फ्रँक लॉइड राइट हा वृद्ध आणि तोंडाळ वास्तुविशारद तेवढा नाक मुरडून गेला. खेड्यातील रस्त्याचे सर्व दोष यात आहेत आणि गुण एकही नाही, अशा आशयाची त्याची टीका होती.

साउथडेलभोवती घरे, शाळा, रुग्णालय, तळे, बागा यांचे पूर्ण गाव वसावे असा ग्रूएनचा आराखडा होता. डेटन मंडळींनी त्यासाठी ४६३ एकर जमीनही घेतली होती. बाजार उघडताच भोवतालच्या जमिनीचे भाव चढले, तुकडे पाडून ती विकली गेली, आणि आराखड्यातील गाव बहुतांशी कागदावरच राहिले. बाजार तेवढा उरला. आमच्या समजुतीप्रमाणे ग्रूएनच्या आयुष्यातील खरा पराभव येथे झाला. पण ज्या दिवशी तो झाला, त्या दिवशी सगळे जग त्याचा जयजयकार करीत होते.

कारण बांधणाऱ्यांनी साउथडेलमधून नेमका सोयीचा धडा उचलला. एकाच छपराखाली बाजार असला की प्रत्येक दुकानाला दरवाजे-भिंती भक्कम करण्याची गरज नाही, जमीन कमी लागते, आणि गिऱ्हाईक हवामानाची सबब सांगत नाही. सभागृहाला भाडे येत नाही, तेव्हा ते गाळावे. शिल्पांना पैसे पडतात, तीही गाळावी. त्यात सरकारचे दोन कायदे कामी आले. १९५४ च्या करविषयक कायद्याने नव्या इमारतींवरील घसाऱ्याची सूट पहिल्या काही वर्षांतच मोठ्या प्रमाणात घेता येऊ लागली. साहजिकच जुनी इमारत सांभाळण्यापेक्षा माळरानावर नवी बांधणे धनिकांना किफायतशीर झाले. आणि १९५६ च्या कायद्याने ४१,००० मैल महामार्गांचे जाळे विणण्याचे ठरले, ज्याच्या खर्चाचा नव्वद टक्के भार केंद्र सरकारने उचलला. जेथे दोन महामार्ग मिळतील तेथे शेतात बंद मॉल उभा राहू लागला. मोकळे बाजार त्यांच्यापुढे जुनाट दिसू लागले. कोणी छप्पर घालून घेतले, कोणी ओस पडले. नॉर्थलँडवरही १९७० च्या दशकाच्या मध्यास छप्पर आले आणि ते चौक आकाशाला मुकले. बॉस्टनजवळचे शॉपर्स वर्ल्ड १९९४ मध्ये पाडून टाकण्यात आले.

या सर्वांचा दोष ग्रूएनवर कितपत टाकावा? तो आयुष्यभर समाजवादी मताचा राहिला आणि आयुष्यभर भांडवलदारांची कामे केली, या विसंगतीवर त्याच्या टीकाकारांनी पुष्कळ बोट ठेवले आहे. आम्हांस ती विसंगती तितकी खुपत नाही. नगर बांधणारा माणूस ज्याच्याजवळ जमीन व पैसा आहे त्याच्याकडेच जाणार. खरी चूक निराळी होती. नॉर्थलँडच्या चौकात माणसे हिंडत, बसत, बोलत. परंतु तेथे कोणीही राहत नव्हते. दिवे मालवले की तेथे पहारेकऱ्याखेरीज कोणी नसे. व्हिएन्नाच्या गल्लीत दुकानाच्या वर बिऱ्हाड होते. येथे दुकानाच्या भोवती मोटारतळ होता. तो मोटारतळ ग्रूएननेच आखला होता. आणि ज्याच्याजवळ मोटार नाही, त्याच्यासाठी त्या चौकाची वाट बिकटच होती. हडसनच्या मध्यवर्ती दुकानाला नॉर्थलँड पूरक ठरेल, असे तो मानीत होता. घडले उलट. उपनगराने गिऱ्हाईक नेले, १९६७ च्या दंगलीनंतर उरलासुरला गोरा मध्यमवर्गही गेला, हडसनचे ते जुने प्रचंड दुकान १९८३ च्या आरंभी बंद पडले, आणि १९९८ मध्ये सुरुंग लावून जमीनदोस्त करण्यात आले.

पण शहरांची मध्यवस्ती मरत आहे हे ग्रूएनला इतरांच्या आधी दिसले, आणि तो स्वस्थ बसला नाही, एवढे श्रेय त्याला दिलेच पाहिजे. १९५६ मध्ये त्याने टेक्सासमधील फोर्ट वर्थसाठी योजना मांडली. शहराच्या गाभ्याभोवती एक वर्तुळाकार रस्ता, त्याला लागून साठ हजार मोटारी मावतील अशी सहा प्रचंड मोटारगृहे, मालाची वाहतूक भूमिगत, आणि आतला सारा भाग पायी चालणारांचा. नगररचनेच्या प्रस्थापित पंडितांवर सतत टीकास्त्र सोडणारी जेन जेकब्स हिनेही या योजनेची वाखाणणी केली. परंतु मोटारगृहे सार्वजनिक पैशाने बांधण्यास लागणारा कायदा राज्याच्या विधिमंडळात बारगळला आणि योजना तशीच राहिली. कॅलामझू या लहानशा गावाने त्याच्या आराखड्यातील एक तुकडा उचलून १९५९ मध्ये मुख्य रस्ता मोटारींना बंद केला. अमेरिकेत असे प्रथमच घडत होते. रॉचेस्टर येथे १९६२ मध्ये त्याने शहराच्या अगदी मध्यभागी मिडटाउन प्लाझा बांधला. फ्रेझ्नो येथे १९६४ मध्ये सबंध हमरस्त्याची बाग झाली. १९६४ मध्येच आपल्या शहरांचे हृदय या विषयावर त्याने ग्रंथ लिहिला. मिडटाउन प्लाझा २००८ मध्ये बंद झाला. कॅलामझूने काही भाग १९९८ मध्ये, आणि फ्रेझ्नोने आपला रस्ता २०१७ मध्ये पुन्हा मोटारींना खुला केला. ही यादी उत्साहवर्धक नाही, परंतु ती तशी आहे.

१९६८ साली, तीस वर्षांनी, ग्रूएन व्हिएन्नाला परतला. ज्या गावाने त्याला हाकलले होते, त्याच गावाच्या गाभ्याचा उद्धार कसा करावा याचा आराखडा त्याने नगरपालिकेला करून दिला. केर्न्टनर स्ट्रासे हा तेथील मुख्य बाजाररस्ता १९७४ पर्यंत पायी चालणारांच्या स्वाधीन झाला, आणि आजही तो तसाच आहे. अमेरिकेत जे त्याला अर्धेमुर्धेच साधले, ते व्हिएन्नात साधले. कारण तेथे दुकानांच्या वर माणसे अजून राहत होती. परंतु दैवाची थट्टा अशी की, १९७६ मध्ये त्याच व्हिएन्नाच्या दक्षिण वेशीवर अमेरिकन धर्तीचे एक अवाढव्य शॉपिंग सेंटर उभे राहिले, आणि गावातल्या छोट्या दुकानदारांच्या पोटावर पाय आला. आपल्याच कल्पनेने आपला असा पाठलाग करावा, याचे त्याला फार वाईट वाटले.

१९७८ मध्ये लंडनमधील एका व्याख्यानात त्याने या सर्व बंद बाजारांचे पितृत्व जाहीररीत्या नाकारले. बांधणाऱ्यांनी माझी कल्पना घेतली आणि तिच्यातील माणुसकी तेवढी टाकून दिली, असा त्याच्या बोलण्याचा मथितार्थ होता. शब्द फार कठोर होते. त्यात सत्य होते, आणि स्वतःला सोडवून घेण्याची धडपडही होती, असे आम्हांस वाटते. १४ फेब्रुवारी १९८० रोजी, वयाच्या शहात्तराव्या वर्षी, व्हिएन्नामध्ये त्याचे निधन झाले.

मृत्यूनंतर त्याच्या नावाला एक विचित्र कीर्ती मिळाली. मॉलमध्ये एका विशिष्ट वस्तूसाठी शिरलेला माणूस झगमगाटाने भांबावतो, काय घ्यायला आलो हे विसरतो आणि भलतेच घेऊन बाहेर पडतो. या अवस्थेला व्यापारशास्त्रात ग्रूएनचे नाव दिले गेले. हे नामकरण त्याने केलेले नाही, आणि ते त्याला मुळीच रुचले नसते. आमच्या देशात मॉल आला तो १९९९ साली, दिल्लीत अन्सल प्लाझा आणि मुंबईत क्रॉसरोड्स यांच्या रूपाने. तोवर अमेरिकेत बंद मॉलचीही उतरती कळा सुरू झाली होती. गरजेपेक्षा कितीतरी अधिक मॉल बांधले गेले होते, आणि पुढे घरबसल्या माल मागविण्याची सोय झाल्यावर शेकडो ओस पडले. बांधणारे पुन्हा उघड्या आकाशाखालचे, झाडांचे, बाकांचे बाजार उभारू लागले आणि त्यांना नवनवी नावे देऊ लागले. त्यांचे नकाशे १९५४ च्या नॉर्थलँडशी ताडून पाहावेत. फरक फारसा आढळत नाही.

साउथडेल अद्याप चालू आहे. ईस्टलँड २०२१ मध्ये बंद झाले आणि पाडले गेले. नॉर्थलँडला २०१५ मध्ये कुलूप लागले, तेव्हा साउथफील्ड नगरपालिकेने ती जागा विकत घेतली आणि पुढे बरीचशी बांधकामे पाडली. त्या जागी आता दुकानांबरोबर घरेही बांधण्याची योजना आखण्यात आली. चौकातील शिल्पांपैकी अस्वलाच्या पाठीवरचा तो मुलगा शाबूत राहिला. तो आता साउथफील्डच्या सार्वजनिक वाचनालयात आहे.